आधी कार्डाची पिढी ओळखा, मग ड्रायव्हरला हात घाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात चार जुने डेस्कटॉप आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून चारही मशीनवर लिनक्स मिंट २२ टाकलं. दोन मशीनमध्ये जीटीएक्स १०५० टीआय, एकात जीटी ७१०, एकात एएमडीचं आरएक्स ५७०. ७१० वर एका व्हिडिओत बघून एनव्हिडियाचा ५५० ड्रायव्हर टाकला, तेव्हापासून लॉगिननंतर पडदा काळा. पहिलं १०५० टीआय महिनाभर छान चाललं आणि परवाच्या अपडेटनंतर १०२४ बाय ७६८ वर अडकलं. दुसऱ्यावर ड्रायव्हर बसतो, पण कार्ड सापडतच नाही. आरएक्स ५७० साठी कंपनीच्या साइटवरून उतरवलेला इन्स्टॉलर चालत नाही. आता चारही मशीन पुन्हा फॉरमॅट मारायची का?

अजिबात नको. विंडोजवर फॉरमॅट मारून सुटणारी भानगड इथे तशीच परत येते, कारण चूक सिस्टिममध्ये नसून जोडीत आहे.

जोडी म्हणजे काय ते आधी सांगतो. लिनक्सवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर ही एक फाइल नसते. कार्डाशी थेट बोलणारं कर्नल मॉड्यूल (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडला जाणारा भाग) एक, ब्लेंडर किंवा ब्राउझर ज्यांच्याकडे काम सोपवतात त्या ओपनजीएल-व्हल्कनच्या लायब्रऱ्या दोन, आणि कार्डात चढवायचं फर्मवेअर तीन. एएमडी आणि इंटेलचं मॉड्यूल कर्नलमध्येच असतं, लायब्रऱ्या मेसा नावाच्या प्रकल्पातून येतात, फर्मवेअरचं वेगळं पॅकेज असतं. तिन्ही मिंटसोबतच बसतात. एनव्हिडियाचं मात्र मॉड्यूलही कंपनीचं आणि लायब्रऱ्याही कंपनीच्या, आणि दोघांचा आवृत्ती क्रमांक शेवटच्या अंकापर्यंत जुळावा लागतो. शिवाय ते मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच कर्नलवर चालतं. कर्नल बदलला की पुन्हा बांधा. तुमच्या चारपैकी तीन तक्रारी यातलं काहीतरी कशाशी तरी न जुळल्याच्या आहेत. चौथी तर नसलेल्या गरजेची आहे.

पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या लहान रोमन अक्षरांत करायच्या, आणि ‘डॅश’ म्हटलंय तिथे वजाचं चिन्ह.

चारही मशीनवर पहिली आज्ञा एकच: ‘एलएसपीसीआय डॅश एनएनके’. भली मोठी यादी येईल. त्यातली ‘व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात दोन आकडे असतात, मध्ये विसर्गचिन्ह. पहिला कंपनीचा: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. दुसरा मॉडेलचा. जीटी ७१० ला बहुधा १२८बी दिसेल, १०५० टीआयला १सी८२, आरएक्स ५७० ला ६७डीएफ. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असते आणि खरी बातमी तिथेच आहे. तिथे ‘एनव्हिडिया’, ‘नूव्हो’ (एनव्हिडियाच्या कार्डांचा खुला ड्रायव्हर) किंवा ‘एएमडीजीपीयू’ असेल तर काहीतरी लागलेलं आहे. ती ओळच गायब असेल तर कार्ड वाऱ्यावर आहे.

ही ओळख खोक्यावरच्या नावावरून करू नका. जीटी ७३० घ्या: एकाच नावाने फर्मी पिढीची चिप असलेली कार्डं विकली गेली आणि केपलर पिढीचीही. एकाला ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, दुसऱ्याला ४७०. नाव तेच, खोकं तेच.

आता ७१०. हे केपलर पिढीचं कार्ड आहे आणि केपलर सांभाळणारी शेवटची मालिका ४७०. तुम्ही ५५० टाकलात. इन्स्टॉल करताना पॅकेज तक्रार करत नाही, तक्रार कर्नलच्या लॉगमध्ये जाते. ‘सुडो डीमेसेज’ (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) चालवून त्यात ‘एनव्हीआरएम’ने सुरू होणाऱ्या ओळी बघा. हे कार्ड ४७० च्या लेगसी ड्रायव्हरमध्ये येतं, आत्ताचा ड्रायव्हर त्याच्याकडे दुर्लक्ष करेल, असं तिथे अक्षरशः लिहिलेलं सापडेल. दरम्यान त्याच पॅकेजने नूव्हो या खुल्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट केलेलं, म्हणजे चालू व्हायलाच बंदी घातलेली असते. नवा ड्रायव्हर कार्ड घेत नाही, जुन्याला दारात उभं करत नाहीत. मग कधी काळा पडदा, कधी ढोबळ रेझोल्यूशन.

काळ्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. बहुतेक वेळा साधं टेक्स्ट लॉगिन येतं. न आल्यास मशीन रीस्टार्ट करून ग्रबचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू काढा: यूईएफआय मशीनवर सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवायचं. एस्केप घाईघाईने चार वेळा दाबलंत तर मेनूऐवजी ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येईल. घाबरू नका, ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदाच एस्केप. मेनूत पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. काही व्हिडिओंमध्ये तो ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा लिहायला सांगतात. तसं करू नका, केलं असेल तर काढा. का ते आरएक्स ५७० पाशी कळेल.

आत शिरल्यावर ‘सुडो ॲप्ट पर्ज’ आणि पुढे एकेरी अवतरणात ‘एनव्हिडिया डॅश तारका’. तसंच ‘लिबएनव्हिडिया डॅश तारका’. अवतरण विसरू नका, नाहीतर शेल त्या तारकेचा वेगळाच अर्थ लावतो. काय काय निघणार आहे ती यादी वाचूनच ‘वाय’ दाबा. यानंतरही एक गोष्ट मागे राहते आणि नेमकी तिथेच बरीच मंडळी अडकतात. व्हिडिओ बघून ‘ईटीसी’मधल्या ‘मोडप्रोब डॉट डी’ फोल्डरमध्ये स्वतःच्या हाताने ‘ब्लॅकलिस्ट नूव्हो’ची फाइल बनवली असेल, तर पर्ज तिला हात लावत नाही. ती फाइल तुम्हीच काढायची आणि मग ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस डॅश यू’ चालवायचं. बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या गोष्टींची गाठोडी इनिटरामएफएस या नावाने आधीच बांधून ठेवलेली असते. ती पुन्हा बांधली नाही तर काढलेली ब्लॅकलिस्ट तशीच लागू राहते.

रीस्टार्ट केल्यावर नूव्हो लागेल आणि पूर्ण रेझोल्यूशन येईल. माझं मत विचाराल तर ७१० वर इथेच थांबा. १९ वॉटचं कार्ड आहे ते. मेल, कोटेशन, टॅली शीट बघणं, फार तर इंकस्केपमध्ये लोगो हलवणं, एवढ्याला नूव्हो पुरतो. ४७० मालिकेचा कंपनीकडून सपोर्ट २०२४ मध्येच संपला आहे, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही नाहीत. तरी हवाच असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून ४७० निवडा आणि कर्नल ६.८ वरच ठेवा. मिंटच्या मूळ २२ मध्ये ६.८ आहे, २२.२ मध्ये ६.१४. कर्नलची अंतर्गत रचना दर आवृत्तीत बदलते आणि ती जुनी ठेवण्याचं वचन कर्नलवाले देत नाहीत. जुन्या मालिकेचा कोड नव्या कर्नलवर बांधता यावा म्हणून, मिंट ज्याच्यावर उभं आहे ते उबुंटूवाले काही काळ ठिगळं लावतात, कायम नाही. अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ आहे, कोणता ठेवायचा ते तिथून ठरवता येतं.

पहिल्या १०५० टीआयची कहाणी वेगळी. ते पास्कल पिढीचं आहे, त्याला ५३५ चालतो, ५८० ही चालतो. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा सांभाळणारी ५८० ही शेवटची मालिका आहे. उद्या यादीत ५९० किंवा पुढचा आकडा दिसला आणि ‘नवं ते बरं’ म्हणून टाकलात तर या मशीनचंही ७१० होईल. नूव्होवर मात्र हे कार्ड ठेवू नका. या पिढीत कार्डाचा वेग वाढवायला कंपनीने सही केलेलं फर्मवेअर लागतं आणि ते नूव्होच्या हाती नाही, त्यामुळे कार्ड बूट झालं त्या संथ गतीवरच राहतं. विचित्र वाटेल, पण नूव्होवर जुन्या ७१० पेक्षा १०५० टीआयची अडचण जास्त.

अपडेटनंतर बिघडलं म्हणजे नवा कर्नल आला आणि मॉड्यूल त्याच्यासाठी बांधलं गेलं नाही, किंवा बांधलं पण आत घेतलं गेलं नाही. यातलं कोणतं ते दोन मिनिटांत कळतं. ‘यूनेम डॅश आर’ने चालू कर्नलचा क्रमांक बघा, मग ‘डीकेएमएस स्टेटस’. डीकेएमएस म्हणजे दर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणारा कारागीर. चालू कर्नलच्या क्रमांकासमोर ‘इन्स्टॉल्ड’ असेल तर बांधकाम झालंय. नुसतं ‘ॲडेड’ असेल किंवा तो क्रमांकच नसेल तर झालेलं नाही.

न होण्याचं नेहमीचं कारण हेडर्स, म्हणजे मॉड्यूल बांधताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइली. नव्या कर्नलसोबत त्याच क्रमांकाची हेडर्स यावी लागतात. एखाद्याच क्रमांकाची हेडर्स हाताने टाकली असतील तर पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. म्हणून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ टाका, हे पॅकेज प्रत्येक नव्या कर्नलची हेडर्स स्वतः ओढून आणतं. कर्नल ६.१४ चा असेल तर ‘जेनेरिक’च्या पुढे ‘डॅश एचडब्ल्यूई डॅश २४.०४’ लावा. मग ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’. बांधकाम तरीही फसलं तर ‘व्हार’, ‘लिब’, ‘डीकेएमएस’, ‘एनव्हिडिया’, मग आवृत्ती क्रमांक, मग ‘बिल्ड’ अशा वाटेने गेल्यावर ‘मेक डॉट लॉग’ सापडेल. शेवटची ओळ नका वाचू, ती फक्त ‘फसलं’ एवढंच म्हणते. ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा जिथे आलाय ती ओळ वाचा.

दुसरं कारण आपल्याकडचं: अपडेट चालू असताना लाइट जाणं. यूपीएसची बॅटरी मान टाकलेली असते आणि पॅकेजं अर्धवट बसतात. ‘सुडो डीपीकेजी डबल-डॅश कॉन्फिगर डॅश ए’ने ती पुरी होतात. तिसरं कारण, ‘बूट’चं वेगळं पार्टिशन ठेवलं असेल तर ते भरणं. एनव्हिडियाच्या मॉड्यूलमुळे इनिटरामएफएस फुगते, त्यात तीन-चार जुने कर्नल पडून असले की जागा संपते. ‘डीएफ डॅश एच’ने बघा, ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने जुने काढा.

आता ‘इन्स्टॉल्ड’ दिसतंय आणि तरी ड्रायव्हर लागत नाही. ‘सुडो मोडप्रोब एनव्हिडिया’ चालवा. उत्तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं आलं तर भानगड सिक्युअर बूटची. मशीन फक्त ओळखीच्या सहीचं मॉड्यूल आत घेतं, आणि डीकेएमएसने तुमच्याच मशीनवर बनवलेली सही बायोसच्या ओळखीची नाही. बायोस अपडेट झाला, त्याचा सेल बदलला किंवा सेटिंग मूळपदावर गेलं की महिनाभर चाललेलं मशीन अचानक असं वागतं.

उपाय दोन. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा. सही नोंदवणं हा नीट. ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी डबल-डॅश एनरोल-की’ चालवलं की एक तात्पुरता पासवर्ड मागतो. साधी लहान अक्षरं ठेवा, चिन्हं नकोत. पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचाच असतो. रीस्टार्ट केल्यावर लगेच निळा पडदा येतो: मोक (मशीनच्या मालकाने नोंदवलेली सही) मॅनेजमेंटसाठी कोणतीही कळ दाबा, आणि खाली दहापासून उलटी गिनती. चहा आणायला गेलात की संपलं. वेळ टळली तर मशीन मुकाट्याने पुढे बूट होतं, विनंती रद्द होते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. कळ दाबली की मेनू येतो. वरचं ‘कंटिन्यू बूट’ नाही, ‘एनरोल मोक’ निवडा, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड, मग रीबूट. वायरलेस कीबोर्ड या पडद्यावर कधीकधी चालत नाही, वायरचा जोडून ठेवा.

याच कार्डावर कधी ड्रायव्हरची स्थिती दाखवणारी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा चालवल्यावर ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ येईल. त्यावर लोक तासभर घालवतात. अपडेटने लायब्रऱ्या बदलल्या, पण मेमरीत अजून जुनंच मॉड्यूल चालू आहे, एवढाच अर्थ. रीस्टार्ट करा, झालं.

दुसरं १०५० टीआय, ज्यावर ड्रायव्हर बसतो पण कार्ड सापडत नाही. ड्रायव्हर मॅनेजरच्या यादीत एकाच आकड्याच्या दोन नोंदी असतात, एकीच्या शेवटी ‘ओपन’. खुलं म्हणजे चांगलं असं समजून ती निवडली गेली असणार. एनव्हिडियाने २०२२ मध्ये खुली मॉड्यूल्स दिली ती ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून. त्या कार्डांत जीएसपी नावाचा वेगळा प्रोसेसर असतो आणि खुल्या मॉड्यूलचं सगळं काम त्याच्या भरवशावर चालतं. पास्कलमध्ये तो नाहीच. ‘डीमेसेज’मध्ये जीएसपीचा उल्लेख दिसला की निदान पक्कं. ‘ओपन’ नसलेली नोंद निवडा आणि रीस्टार्ट.

तेही करून कार्ड सापडलं नाही, आणि ते जुन्या बाजारातून घेतलेलं असेल, तर एक शंका फेडून घ्या. फर्मी पिढीच्या जुन्या कार्डांचा बायोस बदलून ती ‘१०५० टीआय’ म्हणून खपवली गेली आहेत. एनव्हिडियाची पॅकेजं काढून एकदा नूव्होवर बूट करा आणि ‘सुडो डीमेसेज’मध्ये ‘नूव्हो’ची ओळ बघा. नूव्हो चिपचं नाव बायोसला न विचारता थेट सिलिकॉनमधल्या रजिस्टरमधून वाचतो. खऱ्या १०५० टीआयवर ‘जीपी१०७’ दिसतं. ‘जीएफ’ने सुरू होणारं नाव दिसलं तर ड्रायव्हरचा नाद सोडा आणि बिल शोधा.

उरलं आरएक्स ५७०, आणि त्याचं उत्तर छोटं: उतरवलेली फाइल डिलीट करा. या कार्डाचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. कंपनीचा इन्स्टॉलर सिस्टिमचं नाव तपासतो आणि तिथे ‘उबुंटू’ऐवजी ‘लिनक्समिंट’ दिसलं की नकार देतो. ते नाव बदलून त्याला फसवण्याचे उपाय फिरतात. त्यातून फक्त मेसाच्या वर दुसऱ्याच लायब्रऱ्या बसतात आणि न बिघडलेलं बिघडतं. हे कार्ड संथ वाटत असेल तर ‘जीएलएक्सइन्फो डॅश कॅपिटल बी’ चालवून ‘ओपनजीएल रेंडरर’ची ओळ वाचा, आज्ञा नसेल तर ‘मेसा-युटिल्स’ टाका. ‘एएमडी रेडिऑन’ दिसलं तर सगळं जागेवर. ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर चित्रं कार्ड काढत नाही, सीपीयू काढतोय. याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ग्रबच्या फाइलमध्ये राहून गेलेलं ‘नोमोडसेट’. एनव्हिडियाच्या कार्डासाठी सांगितलेला उपाय एएमडीच्या मशीनवर केला की असं होतं, कारण एएमडीजीपीयूचा सगळा डोलारा मोडसेटिंगवरच, म्हणजे पडद्याचं रेझोल्यूशन कर्नलने ठरवण्यावरच उभा आहे आणि ‘नोमोडसेट’ नेमकं तेच बंद करतं. ‘ईटीसी’, ‘डिफॉल्ट’, ‘ग्रब’ या फाइलमधून तो शब्द काढा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ करा. ‘ईटीसी’मधल्या ‘एक्स११’ फोल्डरात जुनी ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ पडली असेल तर तिचंही नाव बदलून ठेवा, आजकाल तिची गरज पडत नाही.

एक अपेक्षाभंग आत्ताच करून टाकतो. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये हे कार्ड रेंडरला घेता येणार नाही. ब्लेंडरने ३.० मध्ये ओपनसीएल काढून टाकलं आणि त्याजागी आलेल्या एचआयपी या एएमडीच्या यंत्रणेत पोलारिस पिढी, म्हणजे आरएक्स ५७० ची पिढी, नाही. ड्रायव्हर कितीही बदला. रेंडरचं काम १०५० टीआयवर कूडा या एनव्हिडियाच्या यंत्रणेतून होईल, म्हणून तसली कामं करणाऱ्याला ते मशीन द्या.

ड्रायव्हरच्या नावावर खपणारे हार्डवेअरचे दोष वेगळेच. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असणं हा सगळ्यांत साधा, आणि केबिनेट टेबलाखाली असलं की हमखास होणारा. आरएक्स ५७० ला साधारण १५० वॉट लागतात आणि वरून वेगळी पॉवर केबल लावावी लागते. जुना, बिननावाचा एसएमपीएस असेल तर मशीन बूट होतं आणि काम वाढलं की पडदा जातो. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरच्या दमट हवेत पावसाळ्यानंतर कार्डाच्या पट्ट्यांवर थर धरतो: ‘एलएसपीसीआय’मध्ये कार्ड कधी दिसतं, कधी नाही. स्विच बंद, पिन काढलेली, कार्ड बाहेर. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुरा ब्रशने झाडा, कार्ड पुन्हा क्लिक होईपर्यंत बसवा.

कामाला ७१० पासून लागा, ते सर्वांत लवकर उरकतं. प्रत्येक मशीनवर हात घालण्याआधी टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट घ्या. मिंटसोबत तो आलेलाच असतो, आणि पडदा पुन्हा काळा झाला तर टेक्स्ट लॉगिनमधून ‘सुडो टाइमशिफ्ट डबल-डॅश रिस्टोर’ एवढ्यावर मशीन होतं तिथे परत येतं.